काओ दिसेल त्या सकाळी

बँडमधल्या प्रत्येक मुलाचा वेगळा फोटो काढायचा, असं लुसेआनेताईंनी शिक्षकांच्या खोलीत सांगितलं तेव्हा पहिल्यांदा हसलो तो मी. बँड माझ्याच ताब्यात होता. मी मूळचा गणिताचा मास्तर. स्वरलिपी वाचता येते एवढ्या एका गुन्ह्यासाठी मुख्याध्यापकांनी तो माझ्या गळ्यात घातला होता. सोळा मुलं, चौदा वाद्यं, आणि त्यातल्या तीन वाद्यांना ठिगळं.

"सोळा जणांचा मिळून एक काढू की," मी म्हणालो. "दोन रांगा करायच्या, बटण दाबायचं, संपलं."

"एका फोटोत सोळा तोंडं म्हणजे एकेक तोंड नखाएवढं," त्या म्हणाल्या. "ऑकलंडच्या आजीने काय भिंग घेऊन बसायचं? प्रत्येकाचा वेगळा. वाद्यासकट. आणि मग सगळ्यांचा एक."

"कधी?"

"काओ दिसेल त्या सकाळी."

काओ हा आमच्या पश्चिमेचा डोंगर. समुद्रातून सरळ वर आलेला, भाताची मूद पालथी घालावी तसा. आमच्या लिफुका बेटाच्या किनाऱ्यावरून तो हिवाळ्यातल्या, म्हणजे आमच्याकडे जून ते ऑगस्टमधल्या, स्वच्छ सकाळी दिसतो, एरवी ढगांत असतो. म्हणजे तारीख ठरवता येणार नव्हती. मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला, पण लुसेआनेताईंना नाही म्हणायची आमच्या शाळेत कुणाची छाती नव्हती.

त्या शिवण आणि स्वयंपाक शिकवायच्या. वय चोपन्न. लग्न केलं नाही, आईवडिलांची सेवा केली, दोघांनाही इथल्याच वाळूत पोचवलं. बँडचे पांढरे कोट त्यांनीच शिवलेले. दर वर्षी मुलं उंच व्हायची किंवा बेटं सोडून जायची, आणि त्या जुन्या कोटांच्या बाह्या सोडून, घालून, पुन्हा सोडून नव्या अंगांना बसवायच्या.

पूर्वी शाळेच्या व्हरांड्यात दर सालच्या बँडचा फोटो असायचा. वादळ आलं त्या वर्षी छप्पर गेलं, त्याबरोबर फोटोही गेले. त्यांच्या घरच्या भिंतीवर एक होता, तोही गेला. तो त्यांच्या धाकट्या भावाचा, सितिवेनीचा होता. सोळा वर्षांचा, पोटाशी बॅरिटोन कवटाळून उभा. पितळेचं ते धूड असतंच असं की ते पोटाशी धरल्याशिवाय वाजवता येत नाही. सितिवेनीसारखं ते या बेटावर कुणी वाजवलं नाही, असं आजही म्हातारे सांगतात. मी तेव्हा लहान होतो, मला फक्त आवाज आठवतो.

गंमत म्हणजे लुसेआनेताईंनाही आवाजच आठवत होता. आमच्याकडे भाऊ वयात आला की बहिणीशी एका खोलीत बसत नाही. तिच्यासमोर थट्टा करत नाही, तिच्याकडे टक लावून बघत नाही, तीही बघत नाही. सितिवेनी संध्याकाळी फणसाखाली सराव करायचा आणि ताई मागे चुलीपाशी उफीचे कंद सोलत ऐकायच्या. तो बाविसाव्या वर्षी सिडनीला गेला. गोदामात लागला, लग्न केलं, पोरं झाली. परत येतो येतो म्हणता म्हणता मूत्रपिंडं गेली. आता आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस. ते मशीन आमच्याकडे नाही. मशीन सोडून माणूस चार दिवसांच्या वर राहू शकत नाही, आणि बोट-विमानाचा आमचा हिशोब चार दिवसांत कधीच बसत नाही. म्हणजे तो येणार नव्हता. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणी म्हणत नव्हतं.

त्या वर्षीच्या सुरुवातीला मात्र त्याने आपली मुलगी पाठवली होती.

तेलेसिया सोळा वर्षांची. तिकडे शाळेत मारामारी केली, दोनदा घरी पाठवली गेली, तिसऱ्यांदा बापाने विमानात बसवली. तिकडची पोरं बिघडली की इथे पाठवायची ही आता रीतच झाली आहे. जसं काही इथली हवा खाऊन माणूस सरळ होतो. ती उतरली तेव्हा कानात तारा आणि तोंडात एक शब्द नाही. आमची भाषा तिला समजायची, बोलताना मात्र अडखळायची, आणि पोरं हसली की गप्प व्हायची.

मी तिला वर्गात विचारलं, "काही वाजवतेस का?"

"बॅरिटोन," ती म्हणाली. "पण आता नाही."

"आता का नाही?"

"ज्याने शिकवलं त्याने हाकललं."

तरी आठवडाभराने ती संगीताच्या खोलीत आली, कपाटातलं ठिगळाचं बॅरिटोन काढलं, त्याच्या कळा तीनदा दाबून बघितल्या आणि मला म्हणाली, "सर, याला तेल कधी मिळालं होतं? युद्धात?" त्या दिवसापासून ती बँडमध्ये होती. वाजवायची छान, पण भिंतीकडे तोंड करून.

जूनपासून ताईंची धावपळ सुरू झाली. कोट सोळा लागणार, होते तेरा. तीन त्यांनी चादरींतून शिवले आणि शेवटपर्यंत कुणाला ओळखू आले नाहीत. काळे बूट नऊच जोड निघाले. "एकेकाचा फोटो काढायचाय ना," ताई म्हणाल्या, "मग नऊ जोड पुष्कळ झाले. काढायचे आणि द्यायचे." सगळ्यांच्या मिळून काढायच्या फोटोत मागच्या रांगेने अनवाणी उभं राहायचं, असं ठरलं. कपड्यांवरून कमरेला गुंडाळायच्या विणलेल्या चटया, आम्ही त्यांना 'ताओवाला' म्हणतो, घराघरांतून मागवल्या. काही पोरांच्या घरून आजोबांच्या चटया आल्या, धुरकट, कडा झिजलेल्या; त्या ताईंनी स्वतः उन्हात घातल्या आणि राखण करत बसल्या, कारण मोकाट डुकरांना चटई चघळायची तेवढी कळते.

फोटो काढायला हेनेली. लग्नं आणि मयती तोच काढायचा, आणि देवमाशांच्या मोसमात पाहुण्यांच्या होड्यांवर जायचा. जाडजूड माणूस, गुडघा कामातून गेलेला.

"ताई, तुम्ही तारीख सांगत नाही," तो म्हणाला. "माझ्या होड्या सकाळी साडेसातला सुटतात. काओ दिसला म्हणून मी काय देवमाशांना थांबा म्हणू?"

"देवमासे उद्याही येतील. माझी पोरं उद्या असतील याची खात्री तू देतोस?"

त्याच आठवड्यात ट्यूबा वाजवणाऱ्या माकाच्या घरी पत्र आलं होतं. त्याचा मामा त्याला क्वीन्सलंडला फळं तोडायला बोलावत होता, ऑगस्टच्या मध्यावर.

"बरं. पण काओच का?" हेनेलीने विचारलं. "चर्चच्या पायऱ्या बऱ्या आहेत. सावली आहे, स्वच्छ आहेत."

"पायऱ्या सिडनीतही आहेत," ताई म्हणाल्या.

त्या दुपारी मी संगीताच्या खोलीत कळांना तेल देत होतो. ताई खिडकीपाशी बटणं लावत होत्या. तेलेसिया आत आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "आत्या, मी फोटोत नाही."

ताईंनी दोरा दातांनी तोडला. "का?"

"तो फोटो बाबांना पाठवणार तुम्ही."

"हो."

"म्हणजे ते सगळ्यांना दाखवणार. बघा, आमची मुलगी कशी सुधारली. तिकडे चर्चमध्ये फोन फिरवतील. मला नाही सुधारायचं त्यांच्यासाठी."

आमच्याकडे आत्या म्हणजे शेवटचा शब्द. बापाची बहीण, बापापेक्षा वरची. लुसेआनेताई नुसत्या 'उभी राहा' म्हणाल्या असत्या तर त्या पोरीला पळायला जागा नव्हती. सिडनीत वाढली तरी एवढं तिलाही ठाऊक होतं. ती दारात मान ताठ करून वाटच बघत होती, हुकमाची. मी खाली मान घालून तेल देत राहिलो.

ताई म्हणाल्या, "बस जरा. एक विचारायचंय तुला."

ती बसली नाही.

"तुझा बाप वाजवताना कसा दिसतो?"

"म्हणजे?"

"म्हणजे कसा बसतो, कुठे बघतो. मी बघितलं नाही कधी."

"तुम्ही एका घरात होता ना?"

"बावीस वर्षं. तो पुढे, मी मागे. मध्ये भिंत. फोटो होता एक, पण त्यात तो नुसता उभा होता, वाजवत नव्हता. आता तोही नाही. तू तर समोर बसून शिकलीस त्याच्याकडे."

तेलेसियाने माझ्याकडे पाहिलं, मी कळेकडे पाहिलं. बाहेर पोरांचा रग्बीचा आरडाओरडा चालला होता. मग ती दाराजवळच्या बाकाच्या टोकावर टेकली.

"डावा डोळा मिटतात," ती म्हणाली. "वरचा सूर असला की. आणि टाच आपटतात. आई म्हणते, खालच्या घरातले लोक येतील भांडायला. मग टाचेखाली उशी घेतात."

"उशी?" ताई हसल्या.

"हो. सोफ्याची. आणि संपलं की लगेच खाली नाही ठेवत. थोडा वेळ तसंच धरून बसतात. कुणीतरी उचलून नेईल असं." ती थांबली. "आता नाही वाजवत. हातात ती सुई घालतात ना, त्या हाताने जड उचलायचं नाही. शेवटी माझ्याकडेच दिलं. मला वाजवायला लावायचे आणि ऐकायचे. चुकलं की शेजारच्या खोलीतून ओरडायचे."

"भिंतीपलीकडून," ताई म्हणाल्या.

"हो."

ताईंनी पुढचं बटण सुईत घेतलं. फोटोचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. तेलेसिया आणखी पाच मिनिटं बसली आणि निघून गेली. मी म्हणालो, "ताई, सांगून टाकायचं होतं तिला. ऐकलं असतं तिने."

"ऐकलं असतं म्हणूनच नाही सांगितलं," त्या म्हणाल्या. "रडक्या तोंडाचा फोटो बघून त्याने काय करायचं?"

मग आम्ही काओची वाट बघू लागलो. रोज पहाटे ताई शाल गुंडाळून धक्क्याच्या भिंतीपर्यंत चालत जायच्या आणि परत यायच्या. एक दिवस ढग, दुसरा दिवस पाऊस, तिसरा दिवस नुसतं धुकट. पोरांनी पैजा लावल्या. माका रोज मला विचारायचा, "सर, मी जायच्या आधी दिसेल ना?" मी म्हणायचो, दिसेल, डोंगर आहे, जातोय कुठे.

ऑगस्टच्या सातव्या दिवशी सहा वाजता माझ्या दारावर थाप पडली. ताई होत्या, पायांना वाळू.

"उघडलाय," त्या म्हणाल्या. "पायथ्यापासून टोकापर्यंत. ऊठ, मोसेसे."

मी घंटा वाजवायला धावलो. अर्ध्या तासात वसतिगृहातली आणि घरची मिळून पंधरा पोरं भिंतीवर जमली, कुणाचे केस ओले, कुणाच्या हातात पाव. हेनेली लंगडत आला, आणि आल्या आल्या म्हणाला की होडीवाल्याला त्याने मावशी गेल्याचं सांगितलंय, तेव्हा आज कुणी त्याच्या मावशीला बाजारात पाठवू नये.

समुद्र सपाट होता. पलीकडे काओ, निळा, कडा कापल्यासारख्या. एकेक पोर पुढे येई, ताई कॉलर नीट करत, चटईची गाठ तपासत, बुटांची जोडी पुढच्याला देववत. सगळ्यात लहान कॉर्नेटवाली एवढी ताठ उभी राहिली की हेनेली म्हणाला, "पोरी, श्वास घे, मयतीचे काढतो मी पुष्कळ." माकाची पाळी आली तेव्हा त्याच्या मापाचे बूटच नव्हते. त्याने ट्यूबा पायांपुढे जमिनीवर उभा केला, मागे अनवाणी उभा राहिला आणि दात दाखवले. तो फोटो सगळ्यांत चांगला आला.

तेलेसिया नव्हती. ताईंनी एकदाही रस्त्याकडे पाहिलं नाही, निदान मला दिसेल असं तरी नाही. सोळावा कोट त्यांच्या हातावर घडी करून होता.

पंधरा झाले. हेनेलीने आकाशाकडे बघितलं. टोकाशी एक ढग धरायला लागला होता. "आता सगळ्यांचा घेऊ या, ताई," तो हळू म्हणाला. "गेला की गेला तो."

"घे," ताई म्हणाल्या.

रांगा लागल्या. मी जागा सांगत होतो, तेवढ्यात मागच्या रांगेतल्या कुणीतरी ढोलावर एक टिपरू मारलं. तेलेसिया वाळूतून येत होती. घाईत नाही. केस आवळून बांधलेले, बॅरिटोन खांद्यावर कापडात गुंडाळलेलं. आदल्या रात्री तिने ते चिंच-मिठाने घासलं असावं. ठिगळ सोडून सगळं चमकत होतं. ताईंनी कोट पुढे धरला. तिने हात घातले. बाही बरोबर मनगटावर आली.

"एकटीचा आधी," तेलेसिया हेनेलीला म्हणाली. "पण मी नुसती उभी राहणार नाही. वाजवते. तेव्हा काढा."

"हलेल ना फोटो."

"हलू दे."

ती भिंतीवर बसली, पाठीला समुद्र. वाजवलं ते चर्चमधलं जुनंच गाणं, आमच्यातल्या प्रत्येकाला पाळण्यापासून माहीत असलेलं. ताई पहिल्या सुराला सवयीने पाठ फिरवू लागल्या, अर्ध्या वळल्याही. मग थांबल्या, परत वळल्या आणि पोरीच्या समोर वाळूतच बसल्या, मांडी घालून, चांगल्या स्कर्टची पर्वा न करता. तेलेसियाने वरच्या सुराला डावा डोळा मिटला. तो आपसूक मिटला की तिने मुद्दाम मिटला, मला सांगता येणार नाही. ताई बघत होत्या. कुणी अडवलं नाही तर लहान मूल बघतं तसं, तोंड किंचित उघडं ठेवून.

गाणं संपलं. हेनेलीने नऊ फोटो काढले होते. काओ गळ्यापर्यंत ढगात गेला होता. मग सगळ्यांचा एक काढला, त्यात काओची फक्त कंबर आहे.

फोटो सिडनीला गेले. सितिवेनीचा फोन रविवारी आला, चर्चनंतर, तेलेसियाच्या फोनवर. ती दारात उभी राहून बोलली, ताई आत उफीची पातेली उतरवत होत्या, आणि मी जेवायला होतो म्हणून मला ऐकू आलं. पोरगी बराच वेळ फक्त "हो" आणि "नाही" म्हणत होती. मग म्हणाली, "माका. हो, त्या म्हाताऱ्या कोळ्याचा नातू... नाही, तो फणस वादळात पडला... भिंत नवीन आहे." मग आत वळून म्हणाली, "आत्या, बाबा विचारतायत, सोळा फोटो बघितले, तुम्ही कुठल्यात आहात?"

"मी कशाला असेन? मी काय वाजवते?"

तेलेसियाने ते फोनमध्ये सांगितलं. ऐकलं. "ते म्हणतात, तुमचा एकही फोटो नाही त्यांच्याकडे."

ताईंनी झाकण ठेवलं. एवढ्या वर्षांत भावाने सरळ काही मागितलं नव्हतं. आमच्याकडे भाऊ मागत नाही, बहीण मागते आणि भाऊ देतो. त्या थोडा वेळ पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "सांग त्याला, फोटोबिटो नाही. मीच येते."

बोलायला सोपं होतं. कागद, शिक्के, राजधानीच्या खेपा. बोट दोनदा रद्द झाली, एकदा अर्जच परत आला. माका ठरल्या दिवशी गेला, त्याच्या जागी ट्यूबा कुणी घेतला नाही. डिसेंबरात शाळा सुटल्यावर ताई आणि तेलेसिया निघाल्या. सामानात कपडे कमी आणि उफी जास्त, ती बहुतेक विमानतळावर काढून ठेवली असणार.

तीन आठवड्यांनी ताई एकट्या परत आल्या. तेलेसिया तिथेच राहिली. बापाला मशीनवर न्यायला-आणायला कुणीतरी हवं होतं, आणि आईची कामाची पाळी रात्रीची होती. मी धक्क्यावर त्यांना घ्यायला गेलो. मला विचारायचं पुष्कळ होतं. चालता चालता एवढंच विचारलं, "वाजवून दाखवलं का त्याने?"

"नाही रे. हात बघवत नाही त्याचा. दोरखंडासारख्या शिरा. पोरगी वाजवायची, तो खोलीतून चुका काढायचा."

"आणि तुमचं बोलणं?"

"झालं की. दवाखान्यात. तिथे मोठी खोली असते, ओळीने खुर्च्या, प्रत्येकाच्या बाजूला ते मशीन. मी दारातच थांबले होते. तिथल्या नर्सला काय माहीत आपल्या रीती. तिने स्टूल आणून त्याच्या खुर्चीला चिकटवून ठेवलं, मला धरून बसवलं. चार तास."

"चार तास काय बोललात?"

"उफीचं पीक. छपराचे पत्रे. आईच्या थडग्याभोवती शिंपले कुणी लावले. तेवढंच. पहिल्या तासात संपलं." रस्ता वळला तशा त्या थांबल्या, टोपली या हातातून त्या हातात घेतली. "मग त्याला झोप लागली. मशीनवर सगळ्यांनाच लागते. जागा असता तर मान खाली घालावी लागली असती. तो झोपला होता म्हणून बघितलं मी. केस पांढरे झालेत त्याचे, वडिलांसारखे. कानापाशी एक व्रण आहे, तो कधी झाला ते मला माहीतच नाही. पोटभर बघून घेतलं, मोसेसे. त्यानंतर पाच वेळा गेले मी, आणि दर वेळी तो झोपायची वाट बघत बसायचे."